४८ आणि ४९ यांच्या मध्ये

लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत अकराव्या शतकात इंग्लंडमध्ये तयार झालेले एक हस्तलिखित आहे. जगाचा एक नकाशा, पंचांगाची पाने, नक्षत्रांची माहिती असा बराच ऐवज त्यात एकत्र आला आहे. त्यातच दोन लहान याद्या आहेत. पहिलीत रोममधल्या २३ चर्चची नावे आहेत. दुसरीत रोमहून इंग्लिश खाडीच्या किनाऱ्यापर्यंतचे मुक्काम रोमन आकडे घालून ओळीने मांडले आहेत. ते सुमारे ८० आहेत. हा प्रवास कँटरबरीचा आर्चबिशप सिगेरिक याचा, साल ९९०. नव्या आर्चबिशपाने रोमला जाऊन पोपच्या हातून पालियम ही लोकरीची पट्टी स्वीकारायची, असा तेव्हाचा रिवाज होता. ती गळ्यात पडली की परत फिरायचे. या परतीच्या वाटेची ही यादी आहे. ‘व्हिया फ्रान्चिजेना’ या नावाने आज ओळखला जाणारा आणि १९९४ साली युरोपीय परिषदेने सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्य केलेला यात्रामार्ग मुख्यतः याच यादीच्या आधारे आखलेला आहे.

यादीत ४८व्या आकड्यापुढे ‘सांक्ते रेमेई’ असे नाव येते आणि ४९व्या आकड्यापुढे ‘पेत्रेकास्तेल’. पहिले गाव म्हणजे इटलीतल्या आओस्ता खोऱ्यातले आजचे सां-रेमी आणि दुसरे म्हणजे स्वित्झर्लंडमधले बूर-सां-पियेर. दोन्ही समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर आहेत. दोन्हींच्या मध्ये आल्प्स पर्वताची मुख्य धार आहे आणि ती ओलांडायची वाट म्हणजे २४६९ मीटर उंचीवरची ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड. यादीत या खिंडीचा उल्लेख नाही. सबंध प्रवासातली सर्वांत उंच, सर्वांत धोक्याची जागा ४८ आणि ४९ यांच्या मधल्या कोऱ्या जागेत आहे.

गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस मी ही कोरी जागा चालून आलो. सिगेरिकच्या उलट दिशेने, म्हणजे ४९ कडून ४८ कडे. जाण्याआधी आणि आल्यानंतर या खिंडीविषयी जे जे वाचायला मिळाले ते वाचले. या लेखात मला प्रवासवर्णन करायचे नाही. एकाच खिंडीवर हजारएक वर्षांत जे लिहिले गेले, ते एकापुढे एक ठेवून वाचले तर काय दिसते, ते मांडायचे आहे.

मुक्कामांच्या यादीला वाङ्मय म्हणावे का, अशी शंका प्रथम येईल. महानुभावांची ‘स्थानपोथी’ ज्यांनी वाचली आहे त्यांना ती फार वेळ छळणार नाही. चक्रधरस्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेला बसले याची ती नोंद आहे आणि तिच्या कोरडेपणातच तिची भक्ती आहे. सिगेरिकच्या यादीत मात्र तशी भक्ती शोधून सापडत नाही. ती लिहिणाराही बहुधा आर्चबिशप नसून त्याच्या सोबतचा कोणी लेखनिक असावा. त्याने मुक्काम नोंदवले, आणि जिथे मुक्काम झाला नाही ती जागा नोंदवली नाही. एवढा साधा हिशेब आहे. आपल्याकडे ज्ञानेश्वरांच्या पालखीचे वेळापत्रक छापतात, त्यात पुण्यानंतर सासवड येते. दिवे घाट त्यात नसतो, कारण घाटात मुक्काम नसतो. पण वारी केलेल्या कोणालाही विचारा, पहिल्यांदा घाटच सांगेल. आणि ज्याची नजर शाबूत आहे तो हेही सांगेल की रथ वर चढवायला तिथे जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात.

म्हणजे यादी खोटी नाही, पण तिने काय काय गाळले आहे ते पाहू. कँटरबरीच्या गादीवर सिगेरिकच्या ३१ वर्षे आधी नेमलेला आर्चबिशप एल्फसिगे हीच लोकरीची पट्टी आणायला निघाला होता. ९५९ साली तो आल्प्समध्ये थंडीने गारठून मेला. सिगेरिकला हे ठाऊक नसणे शक्य नाही. पुढे ९७२ साली क्लुनीच्या मठाचा प्रमुख मायोलस याला या खिंडीच्या उत्तरेला ऑर्सिएरजवळ सारासेन टोळीने पकडले आणि १००० पौंड चांदीची खंडणी घेऊन सोडले. ऑर्सिएर हा सिगेरिकच्या यादीतला ५०वा मुक्काम आहे. घटना अवघ्या १८ वर्षांपूर्वीची होती. यादीत मात्र आकडा आहे, नाव आहे आणि पुढे ५१वा आकडा आहे.

या मौनाला आपण आजचे वाचक चटकन धैर्य म्हणतो, संयम म्हणतो. मला तसे वाटत नाही. यादीचा विषयच मुळी निवारा हा आहे. रात्री जिथे छप्पर मिळाले ते गाव, बाकी सगळी वाट. ९९० साली खिंडीच्या माथ्यावर छप्पर नव्हते. एकेकाळी रोमनांचे ज्युपिटरचे देऊळ आणि प्रवाशांसाठी बांधलेली घरे तिथे होती. उतारू तिथे नवस फेडायला काशाच्या लहान पट्ट्या वाहत. त्यातल्या कित्येक पुढे उत्खननात सापडल्या. पण सिगेरिकच्या काळापर्यंत त्या घरांचे दगडच उरले होते. १०५०च्या सुमारास आओस्ताचा आर्चडीकन बर्नार्ड याने माथ्यावर धर्मशाळा उभी केली. ती तेव्हापासून आजतागायत चालू आहे आणि पुढे खिंडीला त्याचेच नाव पडले.

आता दुसरी यादी पाहा. ११५४च्या सुमारास आइसलंडचा मठाधिपती निकुलास बेर्गसन रोम आणि जेरुसलेमची यात्रा करून आला आणि त्याने वाटेची माहिती आपल्या भाषेत लिहून ठेवली. तीही मुख्यतः गावांची आणि अंतरांची नोंद आहे. पण तिच्यात खिंड आहे. माथ्यावरच्या बर्नार्डच्या धर्मशाळेचे नाव आहे, आणि ऐन उन्हाळ्यात संत ओलाफच्या सणालाही तिथल्या दगडांवर बर्फ आणि तळ्यावर गोठण असते, असे एक निरीक्षणही आहे. संत ओलाफचा सण २९ जुलैला येतो. सिगेरिकला न दिसलेले तळे निकुलासला दिसले. माणसाची नजर दीडशे वर्षांत बदलली असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे इतकेच की मध्ये घर बांधले गेले. तळ्याकडे पाहायला माणसाला काठावर थांबता यावे लागते, आणि थांबायला चूल लागते. खिंड वाङ्मयात आली ती तिथे निवारा झाल्यावर.

हे मान्य केले की एक अडचणीचा प्रश्न पुढे येतो. ज्यांच्यामुळे थांबता आले, ओलांडता आले, ती माणसे या वाङ्मयात कुठे आहेत?

खिंडीवरचा सर्वांत गाजलेला मध्ययुगीन मजकूर म्हणजे कँटरबरीचा भिक्षू जॉन डी ब्रेंबल याने ११८८ साली पाठवलेले पत्र. मठाचे आणि त्यांच्याच आर्चबिशपाचे भांडण रोमच्या दरबारात गेले होते, त्या कामासाठी तो निघाला होता. भर हिवाळ्यात तो माथ्यावर पोचला. पत्र लिहावे म्हणून शाईची कुपी काढली तर आत शाईचा खडा झालेला. बोटे वळेनात, दाढी थिजलेली, श्वासाचा बर्फ होऊन लोंबू लागलेला. वर स्वर्ग, खाली नरक, आणि आपल्या बांधवांना इकडे येऊ नका असे सांगायला देवाने मला परत न्यावे, असा त्याचा धावा आहे. पत्र अस्सल आहे आणि त्यात विनोदही आहे. शाई गोठली हे शाईनेच कळवणारा माणूस कोणालाही आवडेल. सिगेरिकच्या यादीत नसलेला देह इथे प्रथम येतो. पण तो एकच देह आहे, लिहिणाऱ्याचा. ऐन थंडीत त्याला वर कोणी आणले, पुढे कोण चालले, बर्फ कोणी तुडवला, यांचा त्या गाजलेल्या वर्णनात मागमूस नाही. जिथे ‘मी’ आला तिथे बाकीचे गेले.

याच्या ६० वर्षे आधीचा एक मजकूर मला या सगळ्यांत थोर वाटतो. तो फारसा कोणी वाचत नाही, कारण तो एका मठाच्या लांबलचक इतिवृत्तात दडलेला आहे. आजच्या बेल्जियममधल्या सिंट-ट्रुइडन मठाचा प्रमुख रुडोल्फ ११२८-२९च्या हिवाळ्यात रोमहून परतत होता. एत्रूब्लच्या पुढे सां-रेमीला, म्हणजे आपल्या ४८व्या मुक्कामी, यात्रेकरूंची गर्दी अडकून पडलेली होती. वरून हिमलोट येऊन घरांवर आदळत होते. तेव्हा गावातल्या वाटाड्यांनी भरभक्कम मोल ठरवून वाट फोडायचे पत्करले. इतिवृत्तात त्यांना ‘मारोन’ म्हटले आहे. त्यांचा वेशही दिला आहे: डोक्याला गुंडाळलेला नमदा, हातात केसाळ मोजे, पायात तळाला लोखंडी खिळे ठोकलेले जोडे, बर्फाचा थांग घ्यायला लांब काठ्या. यात्रेकरू चर्चमध्ये प्रार्थनेला बसले आणि हे लोक पुढे गेले. थोड्याच वेळात आकांत ऐकू आला. डोंगरावरून सुटलेल्या बर्फाने दहा मारोनांना गिळले होते. उरलेल्यांनी उकरून कोणाला मेलेले, कोणाला अर्धमेले, कोणाला हातपाय मोडलेले असे बाहेर काढले. गावातल्या बाया कोणी नवऱ्याच्या, कोणी भावाच्या नावाने रडत होत्या. यात्रेकरू घाबरून एत्रूब्लला मागे पळाले, काही दिवस थांबले, आणि मग पुन्हा वाटाडे घेऊन खिंड ओलांडून गेले.

या मजकुराचे मोठेपण कशात आहे? करुणेत आहे असे मी म्हणणार नाही, कारण लिहिणारा करुणेचा आव आणत नाही. त्याने मोल लपवलेले नाही. ही माणसे पैशासाठी पुढे गेली आणि पैसे देणारे चर्चमध्ये सुरक्षित बसले, हे तो सरळ सांगतो. प्रार्थना आणि मजुरी एकाच तासाला चालू होत्या आणि मरण मजुरीच्या वाट्याला आले, हे त्याच्या रचनेतून उघड होते. त्याला ते वेगळे बोलून दाखवावे लागत नाही. यात्रेच्या पुण्याचा हिशेब कोणाच्या खाती पडतो हा प्रश्न त्याने विचारलेला नाही, पण वाचल्यावर तो टाळता येत नाही. इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’मध्ये वारीबरोबर चालताना कोण कोणाबरोबर जेवते आणि कोण वेगळे बसते हे टिपले, म्हणून तो लेख अजून बोचतो. यात्रेवरच्या लेखनाची कसोटी माझ्या मते हीच आहे. देव किती दिसला यापेक्षा बरोबरची माणसे किती दिसली, ते पाहावे. या कसोटीला रुडोल्फचे इतिवृत्त उतरते. तरीही त्यात एक उणीव आहे. दहांपैकी एकाचेही नाव त्यात नाही.

पुढची शतके पाहिली तर ही उणीव वाढतच गेलेली दिसते. १८०० सालच्या मे महिन्यात नेपोलियन सुमारे ४०,००० सैन्य घेऊन या खिंडीतून इटलीत उतरला. जाक-लुई दाविदच्या चित्रात तो उधळलेल्या पांढऱ्या घोड्यावर आहे आणि पायाखालच्या खडकावर त्याच्या नावाखाली हॅनिबल आणि शार्लमेन यांची नावे कोरलेली आहेत. तोफा ओढणारे सैनिक घोड्याच्या पोटाखालच्या जागेत, बोटभर उंचीचे. प्रत्यक्षात तो खेचरावरून गेला आणि खेचराबरोबर बूर-सां-पियेरचा वाटाड्या पियेर-निकोला दोर्साझ होता. पन्नासेक वर्षांनी पॉल दलारोशने खेचर आणि लगाम धरणारा वाटाड्या दोन्ही चित्रात आणले. दुसरे चित्र खरेपणाने रंगवले आहे असे सगळे म्हणतात, पण पाठ्यपुस्तकांत आणि भिंतींवर लागते ते पहिलेच.

डिकन्स १८४६ साली धर्मशाळेत येऊन गेला. ‘लिटल डॉरिट’ कादंबरीचा दुसरा भाग याच माथ्यावर सुरू होतो. वर श्रीमंत प्रवासी शेकोटीभोवती एकमेकांची प्रतिष्ठा जोखत बसलेले आहेत आणि थोड्या अंतरावर बर्फात सापडलेल्या अनोळखी माणसांची प्रेते दगडी शवघरात उभी आहेत. त्यात छातीशी मूल धरलेली एक आईही आहे. माथ्यावरच्या खडकाळ, गोठलेल्या जमिनीत पुरणे जमत नसे म्हणून ही व्यवस्था होती. डिकन्सने शेकोटी आणि शवघर शेजारी ठेवले, ही त्याची मोठी पकड. पण शवघरातल्यांना त्याने मरणानंतरच पाहिले.

आणि या खिंडीतले आज जगाला ठाऊक असलेले नाव कोणाचे, तर एका कुत्र्याचे. बॅरीचा जन्म १८०० सालचा. त्याने ४० माणसे वाचवली असे सांगतात. त्याचे पेंढा भरलेले शरीर बर्नच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे. धुक्यात आणि बर्फात हे कुत्रे एकटे जात नसत. धर्मशाळेचे गडी त्यांच्याबरोबर असत आणि त्या गड्यांनाही फ्रेंचमध्ये ‘मारोनिये’ म्हणत. रुडोल्फच्या वाटाड्यांचा हा शब्द शतकानुशतके टिकून राहिला. ज्यांना तो लागू होता त्यांची नावे मात्र वाङ्मयात फारशी शिरली नाहीत.

इथवर लिहून मी माझी वही उघडली, आणि हा लेख मला पूर्वी ठरवल्यापेक्षा वेगळा संपवावा लागतो आहे.

बूर-सां-पियेरच्या चर्चजवळ रोमन काळातला मैलाचा दगड आहे. तिथून सकाळी निघालो. १९६४ साली खिंडीखालून बोगदा झाल्यापासून अवजड वाहतूक खालूनच जाते, त्यामुळे बोगद्याच्या तोंडापुढे वाट शांत होते. शेवटचा चढ ‘कोंब दे मोर’ नावाच्या घळीतून आहे. नावाचा अर्थ मेलेल्यांची घळ. जूनअखेरही तिथे बर्फाचे पट्टे होते. एका पट्ट्यावरून पाऊलवाटेचे जुने ठसे सरळ पलीकडे गेलेले दिसत होते आणि मी त्यांवरून निघालो होतो. वरच्या अंगाला एक माणूस फावडे घेऊन काहीतरी करत होता. तो ओरडला. मला भाषा कळली नाही. तो खाली आला, फावड्याच्या दांड्याने बर्फाच्या कडेला ठोकले आणि एक ढेकूळ आत पडले. खालून पाणी वाहत होते. बर्फाची पातळ कमान होती ती. त्याने हाताने वरून वळसा घालून जायची खूण केली, मी वळसा घातला, आणि तो पुन्हा आपल्या कामाला लागला.

दुपारी धर्मशाळेत पोचलो. दार लोटून आत गेलो, गरम चहा मिळाला. रात्री वहीत साडेतीन पाने लिहिली. त्यात तळे आहे, त्यात पडलेली ढगांची सावली आहे, ज्युपिटरच्या देवळाच्या जागेपाशी खडकात कोरलेला रोमन रस्ता आहे, सिगेरिकच्या मौनावर एक बऱ्यापैकी वाक्य आहे. फावडे घेतलेला माणूस नाही. चहा देणाऱ्यांचा उल्लेख ‘चहा मिळाला’ एवढाच आहे, कर्त्याशिवायचा. लपवायचा हेतू नव्हता. लिहायला बसलो तेव्हा तो मला आठवलाच नाही. जॉन डी ब्रेंबलला वाटाडे का दिसले नाहीत, याचे उत्तर मी पुस्तकांत शोधत होतो.

म्हणून वर ब्रेंबलविषयी जे लिहिले ते मी खोडत नाही, पण ते बाहेर उभे राहून लिहिलेले नाही, हे वाचकांना कळायला हवे. आपल्या हातून ‘मी’ लिहिला जातो तेव्हा कोण पानाबाहेर जाते, हे लिहिताना कळत नाही. दुसऱ्या दिवशी ४८व्या मुक्कामाला उतरताना मी सां-रेमीच्या चर्चकडे पाहिले होते. यात्रेकरू प्रार्थना करत होते ते याच जागी असेल का, असा विचार आला होता. तोही वहीत आहे.

आता त्या साडेतीन पानांच्या समासात एक नोंद वाढवली आहे: ‘४९ ते ४८च्या मध्ये. नारिंगी जाकीट, फावडे, पन्नाशीचा. बर्फ ठोकून दाखवला. नाव विचारले नाही.’